मिरचीचं रोप घरी नेल्यावर

(आमच्या नर्सरीतून तिखट मिरची, भावनगरी किंवा शिमला मिरचीची रोपं नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

रोप आमच्याकडे असतं तेव्हा हिरव्या नेटखाली असतं. ट्रेच्या लहानशा कप्प्यात, नुसत्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) वाढलेलं. तुमच्या घरी त्याला उघडं ऊन, वारा आणि नागपूरची काळी माती हे सगळं एकदमच भेटतं. "रोपं गेली हो" म्हणून परत येणाऱ्यांना विचारलं की बहुतेक वेळा दोनच गोष्टी कळतात: नेली त्याच दिवशी लावली, आणि पाणी भरपूर दिलं. म्हणून हे माहितीपत्रक. पिशवीसोबत टाकून न देता एकदा वाचा.

नेल्या नेल्या लावू नका

चांगलं रोप ३५ ते ४५ दिवसांचं, साधारण वीतभर उंच, सहा-आठ पानांचं आणि बुडाशी जाड असतं. उंच दिसतं म्हणून लेचंपेचं रोप निवडू नका. आधीच फूल लागलेलं रोप आवडीनं मागणारे बरेच असतात, पण ते घेऊ नये असंच आम्ही सांगू. लहान कप्प्यात अडकलेल्या रोपाला फूल आलं की मुळांची वाढ मागे पडते. आणलंच असेल तर लावताना ते फूल खुडून टाका.

घरी आणल्यावर पाच-सहा दिवस रोपं ट्रेमध्येच राहू द्या. पहिले दोन दिवस सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग रोज थोडं वाढवत जा. या दिवसांत पाणी जरा कमी द्या. पान किंचित मलूल झालं तरी घाबरू नका, पण कोकोपीट पूर्ण कोरडं होऊ देऊ नका. एकदा ते कडक वाळलं की वरून घातलेलं पाणी बाजूनं निथळून जातं आणि आतलं मूळ कोरडंच राहतं.

काळी माती

आपली माती कसदार आहे, यात वाद नाही. पण ती पाणी धरून ठेवते, वाळली की भेगा पडतात आणि त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात. वर कोरडी दिसते तेव्हा खाली चार बोटांवर चिखल असतो. मिरचीला हे मुळीच चालत नाही. पाणी साचलं की मुळं गुदमरतात आणि मर लागते.

यावर उपाय उंच वाफ्याचा. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १५ ते २० सेंटीमीटर उंच करा. पावसाळ्यात लावणार असाल तर हे टाळूच नका. काळी माती मोकळी करायला लोक घमेलंभर वाळू टाकतात. तेवढ्यानं काही होत नाही. त्यापेक्षा दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड मिसळा. शेणखत ओलं, ताजं नको. त्यानं मुळं भाजतात आणि हुमणीही (मुळं खाणारी अळी) येते. मागच्या हंगामात त्याच जागी टमाटर, वांगं किंवा बटाटा असेल तर जागा बदला. ही सगळी एकाच घराण्यातली, रोगही बरेचसे सारखे.

गच्चीवर लावणार असाल तर एका रोपाला निदान १२ इंची कुंडी घ्या, खाली छिद्रं हवीतच. कुंडी थेट स्लॅबवर न ठेवता दोन विटांवर ठेवा.

कधी लावायची

पहिला पाऊस पडला की आमच्याकडे गर्दी होते. थोडं थांबा. दोन-चार चांगले पाऊस होऊन जमीन निवली की, म्हणजे जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत, तिखट मिरची लावा. ज्वाला आणि भावनगरी या दिवसांत चांगल्या येतात. वाळवून लाल तिखट करायचं असेल तर भिवापुरी आहेच. आपल्या जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकन मिळालेली.

शिमला मिरची मात्र सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरातच लावा. फेब्रुवारीत लावून मे महिन्यात फळ मागू नका. पारा ३५ च्या वर गेला की फुलं गळतात, आणि मे अखेरच्या नवतपात, त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर रोप जगवलं तरी पुष्कळ. त्या दिवसांत तिखट मिरचीचीही फुलं गळतात. झाड उपटू नका. नेटखाली सांभाळलं तर पावसाळ्यात पुन्हा बहरतं.

लावणी

वेळ संध्याकाळची. तासभर आधी ट्रेला पाणी द्या, म्हणजे गोळा न फुटता निघतो. रोप खोड धरून ओढू नका, खालून दाबून काढा. तिखट मिरचीत दोन रोपांमध्ये दीड ते दोन फूट अंतर हवं, शिमलाला दीड फूट पुरतं.

खोली ट्रेमध्ये होती तेवढीच. टमाटरचं खोड खोल गाडलं तर त्याला नवी मुळं फुटतात, मिरचीला तसा फारसा फायदा होत नाही, उलट ओल्या मातीत खोड कुजतं. पण कोकोपीटचा गोळा उघडाही राहायला नको. त्यावर अर्धा इंच माती येऊ द्या, नाहीतर तो वाऱ्यानं वाळतो आणि आजूबाजूला ओल असूनही रोप सुकतं. माती हलकेच दाबा, तांब्याभर पाणी द्या, बुडाशी कुटार किंवा पालापाचोळा पसरा, खोडाला न चिकटवता. काठीही आत्ताच रोवा, नंतर रोवली की मूळ तुटतं.

आणखी एक, आणि हे चेष्टेनं घेऊ नका: खर्रा घोटलेल्या हातांनी रोपाला शिवू नका. तंबाखूतला मोझॅक विषाणू हातावरून मिरचीत जातो. साबणानं हात धुऊन मगच लावणी करा.

पहिले आठ दिवस दुपारी सावली द्या. जुनी ओढणी चार काड्यांवर बांधली तरी चालते. पाणी देण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. युरिया अजिबात नको. पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत पुरे.

पानं वळली तर

याला बोकड्या म्हणतात, पण कारणं वेगवेगळी. पान वरच्या बाजूला वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर बहुधा कोळी ही बारीक कीड. सुरुवातीलाच लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. शेंड्याला बारीक पानांचा गुच्छ झाला आणि वाढ थांबली तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू समजा. त्याला औषध नाही, रोप उपटून टाका.

बरेच जण विचारतात, तिखट मिरचीशेजारी लावली तर शिमला तिखट होते का? होत नाही. परागीभवनाचा परिणाम बियांवर होतो, या वर्षीच्या फळाच्या चवीवर नाही. मात्र त्या बिया राखून पुढच्या वर्षी लावल्या तर काय निघेल याची खात्री देता येत नाही.

आठ दिवसांत रोप कोलमडलं तर फोटो दाखवू नका, मातीच्या गोळ्यासकट रोपच घेऊन या. मूळ पांढरं आहे की तपकिरी, लिबलिबीत झालंय, हे पाहिल्याशिवाय आम्हाला काही सांगता येत नाही. मूळ कुजलेलं निघालं तर दुसरं रोप नेण्याआधी वाफा उंच करा, त्याच जागी लावलेलं तेही जाईल.