घरगुती स्वयंचलित विद्युत बिअर-भट्टी

भरडलेल्या माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून) बिअर बनवताना लागणारी उष्णता विजेच्या कॉइलने देणारी आणि तापमान आपोआप राखणारी लहान भट्टी. तयार माल्ट-अर्क न वापरल्याने धान्यातल्या स्टार्चची साखर करण्याचे काम घरीच करावे लागते, आणि खरी कसोटी तिथेच लागते.

भरडलेला माल्ट साधारण तासभर ६२° ते ६८° से. पाण्यात ठेवतात; या मिश्रणाला मॅश म्हणतात. धान्यातली दोन एंझाइमे (रासायनिक बदल घडवणारी प्रथिने) स्टार्चची साखर करतात. बीटा-अमायलेज ६५° से.च्या खाली जोमात असते, अल्फा-अमायलेज ७०° से.च्या आसपास. म्हणून ६३° से.ला ठेवलेल्या मॅशची बिअर हलकी व कोरडी होते, ६८° से.ची अंगाने भरीव. पाच अंशांत बिअरची जात बदलते. चुलीवर किंवा गॅसवर इतकी नेमकी आच तासभर धरणे फार कठीण.

प्रचलित रचनेत तीन भांडी असतात: गरम पाण्याचे, मॅशचे आणि उकळीचे. गरम पाण्यात स्टीलची वेटोळी नळी बुडवलेली असते आणि मॅशमधला गोड रस पंपाने तिच्यातून फिरत राहतो. कॉइल पाण्यात असल्याने रसाला थेट लागत नाही आणि तो करपत नाही. पीटी-१०० संवेदक तापमान मोजतो, पीआयडी नियंत्रक (ठरलेल्या तापमानापासूनचा फरक पाहून आच कमी-जास्त करणारा) सॉलिड-स्टेट रिलेमार्फत, म्हणजे हलते भाग नसलेल्या इलेक्ट्रॉनिक स्विचमार्फत, कॉइल चालू-बंद करतो. पाणी थंड असताना रिलेचा दिवा सलग जळतो. ठरलेला अंक जवळ आला की लुकलुकू लागतो आणि विझलेला वेळ वाढत जातो. मॅशच्या गाभ्याला उष्णता उशिरा पोचते. तिथे संवेदक ठेवला तर नियंत्रकाला खबर मिळेपर्यंत वेटोळ्यातला रस जास्त तापलेला असतो. म्हणून संवेदक, रस नळीतून जिथे बाहेर पडतो त्या तोंडाशीच बसवावा.

कोकणात अशी भट्टी उभारताना खरा प्रश्न विजेचा. परदेशी आराखड्यांत ५,५०० वॉटची कॉइल सर्रास दिसते. २३० व्होल्टला ती सुमारे २४ अँपिअर ओढते. आपल्याकडचा गिझरचा पॉइंट १६ अँपिअरचा, म्हणून ३,००० वॉटची कॉइल बरी. ५० लिटर पाणी २८° वरून ६६° से.पर्यंत न्यायला तिला सुमारे ४५ मिनिटे लागतात. पण गावच्या लाइनवर दाब २०० व्होल्टपर्यंत उतरला, तर तीच कॉइल जेमतेम २,२७० वॉट देते, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गानुसार घटते. वेळ जवळपास तासावर जातो. पावसाळ्यात वीज जाऊन परत येते तेव्हा कॉइल आपसूक सुरू होता कामा नये. कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकीय स्विच) असा जोडावा की बटण पुन्हा दाबल्याशिवाय तो लागणार नाही, आणि पाणी कमी असताना कॉइल तोडणारा फ्लोट स्विच हवाच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि पक्के अर्थिंग यांत काटकसर करू नये. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात वाळली की अर्थचा रोध वाढतो, त्यामुळे मे महिन्यात अर्थ तपासून घ्यावा. खारी हवा जोडण्या गंजवते. नियंत्रक बंदिस्त पेटीत ठेवावा.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करता येत नाही, घरापुरतीही नाही. साहित्य घेण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे चौकशी करावी.

हॉप (बिअरला कडवटपणा व वास देणारी फुले) घालून गोड रस तासभर उकळताना भांड्याचे झाकण उघडे लागते, नाहीतर नकोशा वासाचे डायमिथाइल सल्फाइड रसातच राहते. इतकी वाफ स्वयंपाकघरात कोंडण्यापेक्षा मागच्या पडवीत काम करावे. मग येते थंड करणे, आणि इथे कोकणची हवा आडवी येते. विहिरीचे पाणी साधारण २६°–२८° से. असते, त्यामुळे त्याने रस २० अंशांपर्यंत उतरत नाही. शेवटच्या टप्प्यात बर्फातली नळी लागते. नेहमीच्या एल यीस्टला (साखर आंबवून मद्य करणाऱ्या किण्वाला) १८° ते २२° से. हवे, म्हणजे जुना फ्रिज आणि त्यावर दुसरा तापमान-नियंत्रक. मात्र नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी जपलेले क्वाइक यीस्ट ३०° से.च्या वरही स्वच्छ चवीने आंबवते. आधी क्वाइक वापरावे आणि फ्रिजचा खर्च भट्टी नीट चालू लागल्यावर करावा.