"तिला रडवा, नाहीतर डोक्यावर परिणाम होईल": हे खरं नाही

घरात कुणी गेलं की हे वाक्य हमखास कानावर येतं. शेजारचे काका गेले तेव्हा काकू ओट्याशी उभ्या राहून त्यांचा चष्मा पदराने पुसत होत्या, पुन्हा पुन्हा. डोळे कोरडे. दोघीतिघींनी त्यांना गदागदा हलवलं, "अगं, रड ना!" मला ते बघवलं नाही.

1989 मध्ये अमेरिकेतल्या कॅमिल वॉर्टमन आणि रॉक्सेन सिल्व्हर या मानसशास्त्रज्ञांनी ही समजूत तोवरच्या अभ्यासांशी ताडून पाहिली. जे सुरुवातीला फारसे कोसळत नाहीत ते पुढे कोसळतातच, याला आधार मिळाला नाही. पुढे 1999 मध्ये नेदरलँड्सच्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी मांडलं की माणूस दुःख आणि रोजची कामं यांत ये-जा करत राहतो. म्हणजे सकाळी दूध तापवणं आणि रात्री उशीत तोंड खुपसणं, दोन्ही शोकच. रडू आलं तर रडू द्यावं, अडवूही नये. बळजबरी मात्र नको.

त्यापेक्षा तेराव्यानंतर जा, घर रिकामं होतं तेव्हा. डबा न्या. मृत्यूदाखल्याच्या प्रती काढायला, बँकेत वारस नोंदवायला सोबत जा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. लोक ते टाळतात आणि ते टाळणंच मनाला जास्त लागतं.

सहा महिने-वर्ष उलटूनही तीव्रता तशीच असेल, रोजचं जगणं अडलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर मात्र एक दिवसही थांबू नका.