थ्रूमुळे सूर उशिरा येतो?

मिडीत (वाद्ययंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या डिजिटल पद्धतीत) सिक्वेन्सरच्या, म्हणजे सुरांचे आदेश पाठवणाऱ्या यंत्राच्या, आउटमधून पहिल्या मॉड्यूलच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या यंत्राच्या, इनमध्ये, त्याच्या थ्रू या जोडणीतून दुसऱ्याच्या इनमध्ये अशी साखळी जोडली, की प्रत्येक टप्प्यावर काही मिलिसेकंद उशीर होतो, हा समज फार जुना आहे. आणि चुकीचा.

थ्रूवर येते ती इनमधल्या सिग्नलची थेट प्रत. वाटेत ऑप्टो-आयसोलेटर (सिग्नल प्रकाशाने पुढे देणारा भाग) असतो, त्याला लागतात जेमतेम काही मायक्रोसेकंद. कानाला कळणारा उशीर खुद्द मिडीच्या वेगात आहे. सेकंदाला ३१,२५० बिट म्हणजे एका बाइटला (सुरुवात-शेवटच्या बिटांसह १० बिट) ३२० मायक्रोसेकंद, तीन बाइटच्या नोट-ऑनला (सूर सुरू करण्याच्या आदेशाला) जवळपास १ मिलिसेकंद. दहा सुरांचा कॉर्ड एकदम पाठवला तरी शेवटचा सूर ९.६ मिलिसेकंदांनीच पूर्ण पोहोचतो. रनिंग स्टेटस (तोच आदेश-बाइट दर सुराला पुन्हा न पाठवणे) वापरला तर सुमारे ६.७.

लांब साखळीत बिघडते ते वेगळेच. ऑप्टोचे चालू-बंद होणे सारख्या वेगाने होत नाही, म्हणून दर टप्प्याला ३२ मायक्रोसेकंदांच्या बिटची कड थोडी सरकते. ती फार सरकली की बाइट चुकीचे वाचले जातात: सूर गळतात, अडकतात. तीन-चारपेक्षा जास्त मॉड्यूल असतील तर थ्रू बॉक्सच (एकच सिग्नल प्रत्येक यंत्राला थेट वाटणारी पेटी) लावावा.

अपवाद एकच: ‘सॉफ्ट थ्रू’ करणारी, म्हणजे इनमधला डेटा आउटमधूनच पुढे पाठवणारी यंत्रे. तिथे डेटा प्रोसेसरमधून जातो, त्यामुळे उशीर खरोखर होतो.