व्हेंडरला शिकवलं की धंदा हातचा जातो?
"व्हेंडरला, म्हणजे सुटे भाग बनवून देणाऱ्याला, सगळं शिकवू नका, उद्या तोच स्पर्धक होईल," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. भीती अगदीच निराधार नाही; किमती, नवं डिझाइन जपावंच लागतं. कामाची पद्धत शिकवणं मात्र वेगळी गोष्ट.

१९९७ मध्ये जपानच्या करिया शहरात ब्रेकचा व्हॉल्व्ह बनवणारा कारखाना जळाला. तो व्हॉल्व्ह घेणाऱ्या टोयोटाकडे अगदी थोडा साठा, त्यामुळे असेंब्ली लाइन ठप्प. तरी आठवडाभरात गाडी रुळावर येऊ लागली. ६०हून अधिक कारखाने धावून आले. बहुतेकांनी तो व्हॉल्व्ह कधी बनवलाच नव्हता, त्यात एक शिवणयंत्रवालाही! ड्रॉइंग तेव्हा मिळाली, पण झटपट जुळवून घ्यायची सवय वर्षानुवर्षांच्या एकत्र कामातून आली होती.

पडताळायचंय? भोसरी-चाकणमधल्या ओळखीच्या व्हेंडरला विचारा: रिजेक्शन (नापास होणारा माल) कमी करायला कुठल्या गिऱ्हाइकाने शिकवलं, आणि त्यानंतर ते गिऱ्हाईक तुटलं की ऑर्डर वाढली?