गांजा ओढल्यानं प्रतिकारशक्ती वाढते? नाही ओ

आमच्या निपाणीत चहाच्या गाड्यावर परवा परत तेच ऐकलं, गांजा ओढला की सर्दी-खोकला जवळ येत नाही, कोरोना पण मरतो म्हणे. खोटं आहे हे. आधार कशाचा देतात तर 2022 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात या झाडातली सीबीडीए आणि सीबीजीए ही आम्लं कोरोनाच्या स्पाइकला, म्हणजे त्याच्या अंगावरच्या काट्यांना, चिकटून व्हायरसला पेशीत शिरू देत नाहीत असं दिसलं त्याचा, पण ते प्रयोगशाळेतल्या पेशींवर, माणसात नाही, आणि चिलीम पेटवली की ती आम्लं उष्णतेनं बदलूनच जातात.

उलट टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, पांढऱ्या पेशींवरच्या सीबी-टू रिसेप्टरला, म्हणजे असे घटक जिथं चिकटतात त्या जागेला, धरतो आणि प्रयोगांत त्यांचा लढायचा जोर कमी झालेला दिसलाय. गांजा ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसातल्या जंतू गिळणाऱ्या पेशी पण कमजोर सापडल्यात.

माझ्या मावसभावाची किडनी बदललीय, प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्यांचा डबा कायम खिशात, आणि त्याला एकजण म्हणतो दोन झुरके मार, ताकद येईल! मला राहवलंच नाही. अरे, दमट पुडीत ॲस्परजिलस बुरशी असू शकते, तिचे कण श्वासातून आत गेले तर अशा पेशंटच्या जिवावर बेततं.