युद्धाचे व्हिडिओ गेम : वास्तववादी शूटर आणि पाळीचे डावपेची खेळ

पायदळाची छोटी चकमक व्हिडिओ गेममध्ये दोन अगदी वेगळ्या रीतींनी मांडली जाते. एका रीतीत खेळणारा स्वतःच सैनिक असतो. त्या सैनिकाच्या डोळ्यांना दिसेल तेवढेच पडद्यावर दिसते आणि बंदुकीचा घोडा खेळणाऱ्याच्याच बोटाखाली असतो. दुसऱ्या रीतीत तो एका लहान तुकडीचा म्होरक्या असतो. रणांगण वरून पाहायचे, माणसे एकेक करून हलवायची आणि मग शत्रूची पाळी संपेपर्यंत हात बांधून बसायचे. पहिल्या प्रकाराला वास्तववादी युद्ध-शूटर म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे पाळीचे डावपेची खेळ. गेमर मंडळी त्यांना नुसते ‘टर्न-बेस्ड’ म्हणतात. ‘आर्मा’, ‘रेड ऑर्केस्ट्रा’, ‘स्क्वॉड’ ही पहिल्या घरातली नावे. ‘एक्स-कॉम’ आणि ‘जॅग्ड अलायन्स’ दुसऱ्या.

‘वास्तववादी’ हे विशेषण सहसा शूटरलाच चिकटवले जाते, पण त्यावर दुसऱ्या घराचाही हक्क आहे. शूटरमध्ये गोळी खऱ्यासारखी उडते, पण मेलेला खेळाडू थोड्याच वेळात नव्याने मैदानात उतरतो. पाळीच्या खेळात घड्याळ थांबते आणि शत्रूही निमूटपणे थांबून राहतो, पण मेलेला सैनिक मेलेलाच राहतो. एकाने सैनिकाचे शरीर उचलले, दुसऱ्याने सेनानायकाचा हिशेब. एक जिथे खरा वाटतो नेमका तिथेच दुसरा खोटा पडतो.

पटावरून पडद्यावर

पाळीच्या खेळाचे मूळ सहज बुद्धिबळात शोधले जाते, पण बुद्धिबळात दोन गोष्टी नाहीत : नशीब आणि अज्ञान. समोरचा सगळा पट दिसतो आणि घोड्याने प्याद्यावर झडप घातली की प्यादे मरतेच. या दोन्ही गोष्टी प्रशियाच्या सैन्यातील लेफ्टनंट फॉन राइसवित्झ याने १८२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘क्रीगस्पील’ या युद्धखेळात होत्या. १:८००० प्रमाणाचा नकाशा, प्रत्यक्षातल्या २ मिनिटांइतकी एक पाळी, हानी ठरवण्यासाठी फासे आणि कोणाला काय दिसते हे ठरवणारा पंच, अशी ती रचना होती. आजच्या खेळात पंचाच्या खुर्चीवर संगणक बसला आहे.

संगणकावर ही रीत रुळवण्यात ब्रिटिश रचनाकार ज्यूलियन गॉलप याचा वाटा मोठा. ‘रिबेलस्टार रेडर्स’ (१९८४) आणि ‘लेझर स्क्वॉड’ (१९८८) या खेळांतून तो १९९४च्या ‘यूएफओ : एनिमी अननोन’पर्यंत पोचला. मायक्रोप्रोजने काढलेला हा खेळ अमेरिकेत ‘एक्स-कॉम’ या नावाने गेला आणि पुढे तेच नाव टिकले.

त्यातला हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक सैनिकाला दर पाळीला ठरावीक ‘टाइम युनिट’ मिळतात. समजा ६० मिळाले. साध्या रायफलने घाईघाईत गोळी झाडायला त्यातले चौथाई, म्हणजे १५ लागतात. नीट नेम धरून झाडायला ८० टक्के, म्हणजे ४८. गुडघा टेकायला ४. बाकीचे चालण्यात जातात. पण सगळे खर्च करून टाकणे धोक्याचे, कारण शत्रूच्या पाळीत आपल्या माणसाला मध्येच गोळी झाडता येईल का हे उरलेल्या युनिटांवर ठरते. त्याची चपळाई ५० आणि निम्मे युनिट उरलेले असतील तर ती २५ धरली जाते. समोरून येणाऱ्याची तशीच काढलेली चपळाई २५हून कमी असेल तरच आपला माणूस आधी गोळी झाडतो. म्हणजे घड्याळ थांबलेले असले तरी वेळ फुकट नसते. ती सेकंदांऐवजी नाण्यांत मोजलेली असते एवढेच. दाराशी पोचून दमलेला सैनिक आणि दाराआड दबा धरून बसलेला शत्रू यांतला फरक या एका गुणाकारात बसवला आहे, आणि तो चोख बसला आहे.

फिराक्सिसने २०१२मध्ये ‘एक्सकॉम : एनिमी अननोन’ नव्याने काढला तेव्हा ही नाणी मोडीत काढली. आता प्रत्येकाला दोनच कृती. तुकडीही १४ जणांवरून ४ ते ६ जणांवर आली. जुन्या खेळाडूंनी नाके मुरडली, पण यामुळे आडोसा हा खेळाचा कणा झाला. कमरेएवढ्या आडोशाने शत्रूच्या नेमातून २० वजा होतात, पुरुषभर उंचीच्या आडोशाने ४०. नवशिक्याचा नेम ६५. तेव्हा भिंतीआडच्या शत्रूवर त्याची गोळी लागण्याची शक्यता उरते २५ टक्के. बगलेवर जाऊन मारा केला की आडोसा शून्य. कुठल्याही सैनिकी पुस्तकात पानभर समजावलेली गोष्ट इथे दोन वजाबाक्यांत कळते.

नशिबाची तक्रार

पाळीच्या खेळाबद्दलची सर्वांत जुनी कुरकुर म्हणजे ‘८५ टक्के दाखवूनही चुकलेच कसे?’ शत्रूच्या नाकाला बंदुकीची नळी टेकलेली आणि गोळी आभाळात, अशी चित्रे इंटरनेटवर ढिगाने सापडतात. गणिताचा दोष नाही. ८० टक्क्यांचे तीन नेम ओळीने लागण्याची शक्यता ५१ टक्के, म्हणजे जवळपास नाणेफेकच. ९५ टक्क्यांच्या २० गोळ्या झाडल्या तर त्यांतली किमान एक चुकण्याची शक्यता ६४ टक्के. माणसाच्या मनाला मात्र ८५ म्हणजे ‘नक्की’ असेच ऐकू येते.

रचनाकारांनी मग मनाची बाजू घेतली. ‘फायर एम्ब्लेम’ या जपानी मालिकेतल्या कित्येक खेळांत एकाऐवजी दोन यादृच्छिक आकडे काढून त्यांची सरासरी धरली जाते. त्यामुळे पडद्यावर ९० दिसले तरी खरी शक्यता ९८च्या वर जाते, ७० दिसले तर ८२च्या आसपास. ‘एक्सकॉम २’मध्ये (२०१६) सोप्या पातळ्यांवर अशी छुपी सवलत आहे. ‘इन्टू द ब्रीच’ने (२०१८) उलटी वाट धरली : ८ गुणिले ८ घरांचा पट, शत्रू पुढच्या खेपेला कोणावर वार करणार हे आधीच दाखवलेले. लढाई जवळजवळ बुद्धिबळाच्या कोड्यासारखी झाली. २०२३चा ‘जॅग्ड अलायन्स ३’ तर टक्केवारी दाखवतच नाही. नेमावर आणखी कष्ट घ्यायचे की नाही हे अंदाजाने ठरवायचे. ही लपवाछपवी या नोंदकाराला सर्वांत प्रामाणिक वाटते. गोळी झाडण्याआधी कोणत्या सैनिकाला आकडा दिसतो?

दिसलेला आकडा मनाला लागतो त्याचे कारण कायमचा मृत्यू. खेळाडू सैनिकांना मित्रांची, भावंडांची नावे देतात, हौसेने टोप्या रंगवतात, दहा-बारा मोहिमा जपतात आणि मग एका चुकलेल्या गोळीपायी तो ‘दादा’ स्मारकाच्या भिंतीवर जातो. जुना सेव्ह, म्हणजे खेळाची आधी साठवून ठेवलेली स्थिती, उघडून त्याला जिवंत करणे म्हणजे लबाडी. ती करता येऊ नये म्हणून एकच सेव्ह ठेवणारा ‘आयर्नमॅन’ प्रकार ज्याचा तो निवडतो.

गोळी आधी, आवाज नंतर

वास्तववादी शूटरची ओळख त्याने काय काढून टाकले यावरून पटते. ‘रेड ऑर्केस्ट्रा’ (२००६) हा दुसऱ्या महायुद्धातल्या पूर्व आघाडीवरचा खेळ मुळात दुसऱ्याच एका खेळाचा मॉड, म्हणजे हौशींनी फेरफार करून बनवलेली आवृत्ती, होता. त्याने पडद्याच्या मधोमध असणारे नेमाचे फुलीचिन्ह काढले आणि उरलेल्या गोळ्यांचा आकडाही काढला. मॅगझिन बदलताना ते जड लागते की हलके, एवढेच कळते. बोल्टच्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे पुढची गोळी नळीत सरकवणारा दांडा, स्वतः ओढावा लागतो. तो ओढायला विसरून दुसऱ्यांदा चाप दाबणे आणि काहीच न होणे, हा नवख्याचा ठरलेला पहिला मृत्यू.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे चेक कंपनी बोहेमिया इंटरॅक्टिव्हचा ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ (२००१). अख्खे बेट मोकळे, गोळी किंवा दोन गोळ्यांत मरण आणि त्याआधी कित्येक मिनिटे नुसती पायपीट. तीच परंपरा ‘आर्मा’ मालिकेने चालवली. तिथे गोळीला वेग आणि घसरण आहे, आवाजालाही स्वतःचा वेग आहे. ६०० मीटरवरून झाडलेली रायफलची गोळी साधारण सेकंदाभरात पोचते, पण बंदुकीच्या आवाजाला पावणेदोन सेकंद लागतात. म्हणून आधी कानाजवळून चाबूक ओढल्यासारखा कडाका ऐकू येतो, शेजारचा कोसळतो आणि मग दूर कुठेतरी ‘ठप्प’ होते. पहिल्या आवाजावरून शत्रू कुठे आहे ते कळत नाही. दुसऱ्यावरून कळते, पण तोवर जमिनीला चिकटलेले असावे लागते. पाळीच्या खेळात असा क्षण नाहीच. तिथे ‘शत्रूने गोळी झाडली’ हे कॅमेरा स्वतः नेऊन दाखवतो.

भीतीचेही तसेच. १९९४च्या ‘एक्स-कॉम’मध्ये सोबती मेला की सैनिकांचे मनोधैर्य आकड्याने घसरते; फार घसरले की एखादा बंदूक टाकून पळतो, एखादा पिसाळून वाटेल तिथे गोळ्या झाडतो. खेळणारा मात्र चहा पीत असतो. शूटरमध्ये भीतीसाठी वेगळा आकडा लागत नाही, माउसवरचा हातच घामेजतो. तरीही तेवढे पुरत नाही, कारण जीव खरा नसल्यामुळे खेळाडू वेड्यासारखे उघड्यावर धावतात. यावर उपाय म्हणून दबावमाऱ्यात, म्हणजे डोके वर काढू न देणाऱ्या सततच्या गोळीबारात, सापडलेल्याची नजर धूसर करणे, हात कापायला लावणे अशा युक्त्या आल्या. ‘स्क्वॉड’ने २०२३च्या एका मोठ्या बदलात धापा, हाताचा कंप आणि दबावमाऱ्याचा परिणाम इतका वाढवला की खेळाडूंमध्ये सरळ दोन तट पडले. एक म्हणे, आता कुठे हा पायदळाचा खेळ झाला. दुसरा म्हणे, माझा सैनिक दारू पिऊन आला आहे का?

‘स्क्वॉड’मध्ये ५० विरुद्ध ५० माणसे असतात, ९ जणांपर्यंतची एकेक तुकडी आणि सगळा कारभार माइकवरून. तुकडीनायकाला दोन कानांनी दोन गोष्टी ऐकाव्या लागतात : आपली माणसे काय ओरडतात आणि दुसऱ्या तुकड्यांचे नायक काय मागतात. पाळीच्या खेळात मोहरा सांगितले ते करतो. इथे सांगितलेले ऐकणारा दुसऱ्या खंडातला कोणी अनोळखी शाळकरी पोरगा असतो आणि तो ऐकेलच असे नाही. हुकूम देणे आणि हुकूम पाळला जाणे यांतली ही दरी पाळीच्या खेळांना जवळजवळ कधीच मांडता आलेली नाही.

मधली वाट

दोन्ही घरांत सोयरीक जुनीच आहे. १९९८च्या ‘रेनबो सिक्स’मध्ये आधी नकाशावर प्रत्येक गटाचा मार्ग आखायचा आणि मग स्वतः बंदूक घेऊन आत शिरायचे, मेलेला कमांडो पुढच्या मोहिमेला मिळत नसे. ‘कॉम्बॅट मिशन’ने (२०००) दोन्ही बाजूंचे हुकूम आधी घेऊन पुढची ६० सेकंदे एकदम चालवून दाखवली. हुकूम दिल्यावर एक मिनिट नुसते बघत राहणे किती अवघड असते, ते हा खेळ खेळल्याशिवाय कळत नाही. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणासाठी घडवलेल्या ‘फुल स्पेक्ट्रम वॉरियर’मध्ये (२००४) दृश्य शूटरचे, पण बंदूक खेळाडूच्या हातात नाहीच. एका गटाने शत्रूला दाबून धरायचे, दुसऱ्याने बगलेने जायचे, एवढेच हुकूम. गॉलपनेही २०१९च्या ‘फिनिक्स पॉइंट’मध्ये शूटरकडून उसने घेतले : टक्केवारीऐवजी दुर्बिणीतून दोन वर्तुळे दिसतात, निम्म्या गोळ्या आतल्या वर्तुळात पडणार आणि उरलेल्या बाहेरच्या वर्तुळाच्या आत. मधे खांब आला तर गोळी खांबाला लागते. नशिबाला शिव्या घालायची सोय त्याने बरीच कमी केली.

खेळाबाहेर

शूटरचे खरेपण खेळाबाहेरही सांडते. बोहेमियाच्या तंत्रावर उभे असलेले ‘व्हर्च्युअल बॅटलस्पेस’ अनेक देशांची सैन्ये सरावासाठी वापरतात. ‘आर्मा ३’साठी कंपनीने ग्रीसचे लेम्नोस बेट नमुना म्हणून घेतले होते. सप्टेंबर २०१२मध्ये तिथे गेलेल्या तिच्या दोन कर्मचाऱ्यांना लष्करी ठिकाणांची छायाचित्रे घेतल्याच्या, म्हणजे हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली आणि ते चार महिन्यांहून अधिक काळ कोठडीत राहिले. खेळातल्या बेटाचे नाव पुढे ‘अल्टिस’ झाले.

महाराष्ट्रात गावोगावच्या कट्ट्यांवर खेळला गेलेला ‘पबजी’ही याच घराण्यातला. ‘आर्मा २’वर २०१२मध्ये ‘डे-झी’ हा मॉड आला, त्यातून ब्रेंडन ग्रीनने शेवटचा उरेल तो जिंकला या नियमाचा मॉड काढला आणि २०१७मध्ये त्याचाच ‘पबजी’ झाला. २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात त्याच्या मोबाइल आवृत्तीवर बंदी आली. पुढच्या वर्षी ती ‘बीजीएमआय’ नावाने परतली. एव्हाना मूळ वास्तववादातले हाती उरले होते ते मोठे मैदान आणि गोळीची थोडीशी घसरण. पाळीच्या खेळांना असा कट्टा आपल्याकडे कधी लाभला नाही.

‘आर्मा ३’च्या चित्रफिती खऱ्या लढाईच्या म्हणून समाजमाध्यमांवर फिरू लागल्या त्याला बरीच वर्षे झाली : सीरिया, अफगाणिस्तान, युक्रेन आणि मे २०२५मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांतही. बोहेमियाने नोव्हेंबर २०२२मध्येच अशा फिती ओळखण्याच्या खुणा जाहीर केल्या होत्या. चित्र मुद्दाम अस्पष्ट केलेले असते, कॅमेरा हलत असतो, बहुधा रात्र असते, आवाज नसतो. आणि आणखी एक : त्यांत हालचाल करणारी माणसे सहसा नसतात. लष्करी वाहने बरीचशी खऱ्यासारखी चालवता येतात, चालणारा माणूस अजून नीट जमत नाही, असे त्या कंपनीनेच सांगितले आहे.