मालवणचा स्कूबा पॉइंट आणि डाइव्ह शॉप, एकच समजू नका राव

दिवाळी जवळ आली की सांगलीतल्या प्रत्येक ग्रुपवर तोच प्रश्न फिरायला लागतो, मालवणला स्कूबा कुठं स्वस्त पडतं, आणि खाली लगेच कोणीतरी लिहितो की अमक्याकडं जावा, आम्ही दरवर्षी त्यांच्याकडंच करतो, लय भारी शॉप आहे. अहो ते शॉप नाहीच. तो पॉइंट आहे, म्हणजे पर्यटकांना पाण्याखाली एक चक्कर मारून आणायची जागा, आणि डाइव्ह शॉप म्हणजे डायव्हिंग शिकवणारं, सामान विकणारं दुकान. आणि पॉइंटवर दरवर्षी तिथंच जाण्यासारखं काही नसतं, ज्याची बोट बरी, माणसं बरी, त्याच्याकडं जायचं, विषय संपला.

पॉइंटचं मी काय सांगणार, निम्मी सांगली जाऊन आलीय. फोंडा घाट उतरायचा, सकाळी बोटीत बसायचं, सूट घालायचा, पोटाला शिशाचा पट्टा, तोंडात टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर, पाच-सात मीटर खाली, व्हिडिओ, वर आलं की बनाना राइड. मजा येते, त्यात चूक काहीच नाही. चूक पुढं होते, घरी येऊन मिळालेला कागद फ्रेम करायचा आणि 'मी सर्टिफाइड डायव्हर' म्हणायचं. जत्रेत घोड्यावर बसून फोटो काढला म्हणजे घोडेस्वारी आली का?

लोक नेमके जिथं घसरतात ते हे, की पॉइंटवर डाइव्ह तुम्ही करतच नाही. मागं टाकीला धरून जो पोरगा असतो तो करतो. जॅकेटमध्ये हवा किती भरायची, कुठं थांबायचं, वर कधी यायचं, सगळं त्याच्या हातात, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि अंगठा-बोट जुळवून ओके दाखवायचं. खरं वाटत नसेल तर स्कूबा करून आलेल्या कोणालाही विचारा, वर आलास तेव्हा टाकीत किती बार, म्हणजे हवेचा दाब, शिल्लक होता? टाकी साधारण 200 बारला भरलेली असते आणि 50 उरायच्या आत बोटीवर यायचं असतं, हे डायव्हरला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, आपल्या भावाला दाब दाखवणारा काटा कुठं होता तेपण माहीत नसतं.

डाइव्ह शॉप हेच सगळं तुमच्या हातात देतं. ओपन वॉटर कोर्स म्हणजे थिअरी, पोहायच्या तलावात किंवा उथळ पाण्यात सराव, मग समुद्रात चार डाइव्ह, आणि पास झालात की 18 मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जायची परवानगी, जगात कुठंही, मिळालेल्या कार्डाच्या नंबरावरून तपासता येतं. पाडी (PADI) ह्या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेत ट्राय डाइव्हला, म्हणजे कोर्स न करता नुसतं करून बघायच्या डाइव्हला, मर्यादा 12 मीटर, तीपण इन्स्ट्रक्टर सोबत असताना. पॉइंटवाले 'पोहता येत नसलं तरी चालतंय' म्हणतात ते त्यांच्यापुरतं खरं आहे, कोर्सला मात्र 200 मीटर पोहून दाखवावं लागतं आणि 10 मिनिटं आधाराशिवाय तरंगावं लागतं.

ह्यात कृष्णेत वाढलेल्यांना काहीच जड नाही. जड जाते ती वेगळीच गोष्ट. घाटावरनं सूर मारताना आपण दम कोंडून खाली जातो, लहानपणापासनं अंगात भिनलंय ते, आणि स्कूबात नेमकं तेच करायचं नाही. 10 मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, तिथं टाकीतली हवा भरून घेऊन दम कोंडून वर आलात तर तीच हवा फुफ्फुसात दुप्पट व्हायला बघते. नदीत ही अडचण येत नाही कारण तिथं खाली जाताना वरचीच हवा घेऊन जातो. चांगला इन्स्ट्रक्टर पट्टीच्या पोहणाऱ्यावर जास्त लक्ष ठेवतो ते ह्याचसाठी.

मग कुठल्या शॉपला धरून राहावं? माझी पहिली अट, पैशाआधी मेडिकल फॉर्म. दमा, हृदय, कान, बीपी, आणि एखाद्या ठिकाणी 'हो' लिहिलं की डॉक्टरची सही आणा म्हणणारा. गिऱ्हाईक जातंय म्हणून 'ते नाही लिहा ओ' म्हणणाऱ्याकडं मी चहापण पिणार नाही. दुसरं, मास्क विकताना तो पट्टा न लावता तुमच्या तोंडावर टेकवतो आणि नाकानं आत श्वास ओढायला सांगतो, हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तुमचा, नाहीतर महागातला असला तरी परत फळीवर. तिसरं, शेवटची डाइव्ह कधी केली विचारतो आणि दोन वर्षं झाली म्हटलं की आधी रिफ्रेशर, म्हणजे शिकलेल्याची उजळणी, करा म्हणतो. लोकांना हा पैसे काढायचा धंदा वाटतो, मला हाच माणूस कामाचा वाटतो. आणि लाटा असल्या तर 'आज नाही' म्हणून तारीख पुढं ढकलतो, तुम्ही सातारा-सांगलीहून रात्रभर गाडी मारून आलात तरी.

चौथी गोष्ट खास आपल्यासाठी. डाइव्हनंतर विमानाला थांबायचा नियम सगळ्यांना ऐकून माहीत असतो, एक डाइव्ह केली तर किमान 12 तास, जास्त केल्या तर 18. पण हे विमानाचं नसून उंचीचं आहे, साधारण 600 मीटरच्या वर गेलं की लागू. सातारा त्याच्या वर आहे, महाबळेश्वर तर 1,350 च्या आसपास. कोर्समधल्या दोन डाइव्ह दुपारपर्यंत संपवून संध्याकाळी घाट चढणारे बघितलेत मी. जो शॉपवाला 'गाव कुठलं, आजच निघणार काय' विचारतो आणि मुक्काम करायला लावतो, त्याचा नंबर जपून ठेवा.

तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, पुण्या-मुंबईत तलावातला सराव करून घेणारी शॉप आहेत, त्यामुळं शिकायला अंदमानच गाठावं लागतं असं काही नाही. पावसाळ्यात किनारा बंद असतो तेव्हा थिअरी उरकून घ्यायची.

जाता जाता, ती ऑक्सिजनची टाकी नव्हे ओ, पेपरवालेपण तेच छापतात. साधी हवा असते, गाळून दाबून भरलेली. निव्वळ ऑक्सिजन घेऊन सहा-सात मीटरच्या खाली गेलं तर झटके येऊ शकतात. टाकी भरताना कॉम्प्रेसरचा फिल्टर कधी बदलला विचारा, खऱ्या शॉपवाल्याला त्याचा राग येत नाही, तो वही काढून दाखवतो.